संदर्भसूचीतले बेळगाव

खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने एम. ए.च्या लघुप्रबंधाचा मसुदा मला वाचायला दिला. विषय होता निपाणी भागातील तंबाखू आणि विडी कामगार. लेखन चांगले होते; संदर्भसूचीतल्या पहिल्याच नोंदीपाशी मात्र मी थांबले. तिथे ‘बेळगावी गॅझेटियर, इंटरनेट’ एवढेच लिहिले होते.

हा ग्रंथ म्हणजे जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे जिल्हावार सरकारी माहितीग्रंथाचा, १८८४ मध्ये निघालेला एकविसावा खंड, आणि त्यावर इंग्रजीत ‘बेलगाम’ असे छापलेले आहे. शहराचे अधिकृत नाव २०१४ मध्ये ‘बेळगावी’ झाले म्हणून जुन्या ग्रंथाचे शीर्षक बदलत नाही. या नावाविषयी आपल्या भागात प्रत्येकाच्या भावना तीव्र आहेत, माझ्याही आहेत. तरीही स्वतःच्या मजकुरात आपण काहीही लिहिले, तरी शीर्षक छापले तसेच उतरवावे लागते. शिवाय तिने वाचली होती ती पुन्हा टंकलिखित केलेली प्रत, जिच्यात मूळ पृष्ठांक नव्हते. स्कॅन केलेली प्रत उघडून पाहिल्यावर पृष्ठांक मिळाले.

जनगणनेच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो. १९५१ ची बेळगाव जिल्ह्याची आकडेवारी मुंबई राज्याच्या प्रकाशनांत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेल्यामुळे १९६१ आणि १९७१ ची म्हैसूरच्या मालिकेत, आणि १९७३ मध्ये राज्याचे नाव बदलल्यामुळे १९८१ ची कर्नाटकच्या मालिकेत. जिल्हा एकच, परंतु ग्रंथालयात तीन वेगवेगळ्या नावांखाली शोधावा लागतो. तिने सगळीकडे ‘कर्नाटक शासन’ असे लिहिले होते. त्या नोंदीवरून १९५१ चा खंड कोणालाही सापडला नसता.

कानडी कागदपत्रांबाबत थोडक्यात सांगायचे, तर शीर्षक कानडीतलेच ठेवून देवनागरीत द्यावे, पुढे मराठी अर्थ लिहावा आणि उद्धृत केलेला मजकूर स्वतः मराठीत आणला असेल, तर ‘भाषांतर माझे’ असे नोंदवावे.

राहिली मुलाखत. निपाणीच्या एका विडी कामगार आजींशी ती दोन तास बोलली होती, पण प्रबंधात ‘एका महिलेने सांगितले’ एवढेच आले होते. संदर्भ देण्याच्या दोन प्रचलित पद्धतींपैकी एपीए पद्धतीत स्वतः घेतलेली अशी मुलाखत सूचीत येत नाही, एमएलए पद्धतीत येते. तारीख, ठिकाण आणि संमती यांची नोंद मात्र संशोधकाकडे दोन्ही पद्धतींत असायलाच हवी. तिच्या वहीत तारीखही नव्हती. ती पुन्हा निपाणीला गेली आणि नाव छापले तर चालेल का, असे तिने आजींना विचारले. आजी म्हणाल्या, “घाल की बाळ, गावासकट घाल.”