आमियाँच्या कॅथेड्रलमधले नीळवाले

पॅरिसच्या गार द्यू नोरहून सुटलेली गाडी सव्वा तासात आमियाँला पोचते. स्टेशनबाहेर पडलं की आधी दिसतो तो काँक्रीटचा उंच मनोरा. त्याला वळसा घालून चालायला लागलं की दहा मिनिटांत घरांच्या छपरांवर कॅथेड्रलची पाठ दिसू लागते. मी पुढच्या दारी न जाता दक्षिणेच्या भिंतीकडे वळले. मला दोन माणसांना भेटायचं होतं.

ती सापडायला थोडा वेळ लागला. भिंतीवर, मान वर करून बघावं लागेल इतक्या उंचीवर, दगडात कोरलेले दोन व्यापारी आणि दोघांच्या मध्ये भरलेलं पोतं. खाली जुन्या पिकार्दी बोलीतला लेख. त्याचा अर्थ असा की आमियाँच्या आसपासच्या गावांत नीळ विकणाऱ्या भल्या लोकांनी आपल्या दानातून हे चॅपल, म्हणजे कॅथेड्रलमधलं छोटं प्रार्थनागृह, बांधलं. राजांच्या आणि संतांच्या रांगेत बाजारातली दोन माणसं, मालाच्या पोत्यासकट! मी तिथेच उभी राहिले, बराच वेळ.

कारण माझे वडील सोलापुरात सुताचे रंगारी होते. रंगखान्यातून घरी आले की त्यांच्या नखांच्या कडा निळ्या असायच्या, साबणाने जायच्या नाहीत. लहानपणी एकदा त्यांनी मला टाकीपाशी नेलं होतं. सुताची लड बाहेर काढली तेव्हा ती पिवळसर हिरवी होती. "थांब, हवा लागू दे," ते म्हणाले, आणि माझ्या डोळ्यांदेखत ती हळूहळू निळी झाली. मला ती जादू वाटली होती.

आमियाँच्या रंगाऱ्यांनीही हेच पाहिलं असणार. इथली नीळ मात्र आपल्याकडच्या झाडाची नाही. फ्रेंचमध्ये तिला गेद म्हणतात. पिवळ्या फुलांचं झुडूप, मोहरीच्याच कुळातलं. पानं चक्कीत वाटायची, लगद्याचे गोळे करून वाळवायचे, मग ते फोडून, भिजवून, आंबवून रंग तयार करायचा. वास भयंकर येत असे म्हणतात. पण हे गोळे आणि हे निळं लोकरी कापड विकून शहर श्रीमंत झालं, गेद पार इंग्लंडला जाऊ लागली. त्या सुबत्तेच्या काळातच, १२२० मध्ये, या कॅथेड्रलचा पाया घातला गेला. आधीचं देऊळ दोनच वर्षांपूर्वी जळालं होतं.

आत गेले आणि नजर आपोआप वर गेली. छताच्या कमानी ४२ मीटरहून जास्त उंचीवर आहेत. एवढा दगड वर तोलून धरलाय तो बाहेरून टेकू देणाऱ्या कमानींनी, म्हणूनच भिंतींना एवढ्या मोठ्या खिडक्या पेलतात. तरी मधल्या चौकाचे खांब पुढे कलू लागले. तेव्हा, १४९७ च्या सुमारास, वरच्या सज्जातून भिंतीभोवती लोखंडी साखळी आवळली गेली. असं सांगतात की ती लालबुंद तापवून बसवली, थंड होताना आखडली आणि तिने भिंती धरून ठेवल्या. ती अजून तिथेच आहे.

पायाखाली काळ्या-पांढऱ्या फरशीचा अष्टकोनी चक्रव्यूह आहे. मूळचा १२८८ चा, आताची फरशी एकोणिसाव्या शतकात पुन्हा बसवलेली. मधल्या दगडावर बिशपबरोबर तीन स्थपतींचीही नावं आहेत: रोबेर द ल्यूझार्श, तोमा द कोर्मों आणि तोमाचा मुलगा रेनो. कारागिरांची नावं मंदिराच्या मध्यभागी कोरणारं गाव मला फार आवडलं.

मुख्य वेदीच्या मागे रडणारा देवदूत आहे, निकोला ब्लासेने १६३६ मध्ये घडवलेला. गुबगुबीत लहान मूल, एक कोपर कवटीवर, दुसरा हात वाळूच्या घड्याळावर. पहिल्या महायुद्धात इथून आघाडीवर जाणाऱ्या सैनिकांनी त्याची पोस्टकार्डं घरोघरी धाडली. सोमची रणभूमी इथून जवळच आहे. जुलै १९१६ मध्ये तिथे आपल्याकडच्या डेक्कन हॉर्स या घोडदळाचे स्वारही लढले. त्यांच्यातल्या कुणी हा देवदूत पाहिला असेल का, हा विचार मनातून जाईना.

पश्चिमेच्या दरवाज्यांची भव्यता मी इथे वर्णन करत बसत नाही. फक्त डावीकडच्या दारातली, कमरेच्या उंचीवरची बारा महिन्यांची कोरीव चित्रं जरूर बघा. शेकोटीपाशी बसलेला माणूस, मळणी, द्राक्षं तुडवणं... शेतकऱ्याचं अख्खं वर्ष आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस लेझरने ही बाजू साफ करताना दगडांवर जुन्या रंगांचे अंश सापडले. म्हणजे आज करडी दिसणारी ही मूर्तींची गर्दी एके काळी रंगीत होती.

गेदचं राज्य पुढे संपलं. आमियाँचा धंदा युद्धांनी आणि दक्षिणेतल्या तुलूझच्या चढाओढीने आधीच खिळखिळा झाला होता. मग पोर्तुगीज जहाजांतून भारतातली नीळ येऊ लागली. रंगद्रव्य तेच, पण आपल्या झाडात ते कितीतरी जास्त. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने १६०९ मध्ये ती वापरणाऱ्याला मृत्युदंड ठेवला, तरी ती थांबली नाही.

संध्याकाळी बाबांना व्हिडिओ कॉल केला आणि भिंतीवरच्या त्या दोघा नीळवाल्यांचा फोटो पाठवला. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला, चष्मा वर केला, परत खाली घेतला.

"वाळलेला माल आहे पोत्यात," ते म्हणाले. "ओला पाला कुणी असा बाजारात आणत नाही बाळा, वाटेतच सडतो."