गच्चीवरची नोंदवही : शून्य सावलीचे दोन दिवस

मागच्या वर्षीच्या उन्हाच्या नोंदी मी बाद केल्यात. सोलर पॅनलच्या व्होल्टेजवरून ऊन मोजत होतो, आणि पॅनल तापलं की व्होल्टेज उतरतं. भर दुपारी ऊन घटल्यासारखं दिसायचं! आता मल्टिमीटरने शॉर्ट-सर्किट करंट (पॅनलची दोन टोकं थेट जोडल्यावर वाहतो तो) घेतो. तो उन्हाच्या प्रमाणात चालतो, तापमानाने जेमतेम हलतो. थर्मामीटरही उन्हातून काढला. कुंड्यांखालच्या पांढऱ्या बशा फटी ठेवून एकावर एक रचल्या आणि त्यात तो गच्चीपासून सव्वा मीटरवर टांगला. उघड्यावर तो हवेचा नाही, स्वतःच्याच तापण्याचा आकडा दाखवतो. २०२४ च्या मेअखेरीस नागपुरात ५६ अंशांची बातमी फिरली होती, आठवतं? तोही सेन्सरचाच घोळ निघाला. इथला खरा विक्रम मे २०१३ चा, ४७.९.

२६ मे. नवतपा (उन्हाळ्यातले सर्वांत तापते नऊ दिवस) सुरू. झिरो माईलच्या गावात, म्हणजे नागपुरात, झिरो शॅडो : सूर्य बरोबर डोक्यावर. बाराला नाही, बारा वाजून दहा मिनिटांनी, कारण भारतीय वेळेचं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण ७९.१ वर. स्टीलची बाटली उभी केली. सावली बुडाखाली गडप. करंट ०.५७ अँपिअर, हवा ४४.१. (कमाल नेहमीप्रमाणे तीनच्या सुमारास : ४५.३. जमीन तापणार, मग ती हवा तापवणार, म्हणून उशीर.) शेजारचे काका म्हणाले, “सूर्य जवळ येऊन राहिला ना बाप्पा!” उलट आहे. सूर्य सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला, १४.७ कोटी किमीवर. जुलैच्या सुरुवातीला सर्वांत लांब, १५.२ कोटीवर. आपला उन्हाळा पृथ्वीच्या २३.४ अंशांच्या कलाचा. काका पटल्यासारखे दिसले नाहीत.

२९ मे. यंदाचा सर्वांत आवडता प्रयोग. दोन घमेली, दोन्हीत सारखी काळी माती. एक कोरडं ठेवलं, दुसऱ्यात सकाळी नऊला पाणी ओतून काट्यावर वजन घेतलं. दुपारी इन्फ्रारेड गन (दुरूनच तापमान सांगणारी) रोखली : कोरडी माती ६३, ओली ३७. ऊन तेच, घमेली शेजारीशेजारी! तीन वाजता ओल्याचं वजन सातशे ग्रॅमने उतरलेलं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल लागतात; म्हणजे सहा तासांत जवळपास १७ लाख ज्यूल पाण्याने वाफेसोबत नेले, ते माती-हवा तापवायला उरलेच नाहीत. आपला कूलर हेच तर करतो. आई जिन्यातून ओरडली, “काहून जीव जाळून राहिला रे उन्हात?” तिला ६३ चा आकडा दाखवला. तिने पन्हं आणून दिलं.

१७ जुलै. सूर्य उत्तरेकडून परतताना पुन्हा डोक्यावर. या वेळी बारा वीसला. सकाळपासून आभाळ गच्च. आशा सोडली होती. मग चार मिनिटं ढग फाटले. सावली गायब, आणि करंट ०.६१. मेपेक्षा जास्त! आधी वाटलं क्लिप सैल आहे; दोनदा काढून लावली, आकडा तोच. पावसाने हवेतली धूळ धुतलेली आणि भोवतालच्या ढगांच्या कडांवरूनही उजेड येत होता. हवा मात्र ३१.४.

सूर्य त्याच जागी, त्या चार मिनिटांत ऊन वरचढ, तरी पावणेतेरा अंश कमी. दिवसभराच्या करंटची बेरीज केली तर मेच्या निम्म्याहून थोडीच जास्त. ढगांनी बाकीचं वरच्यावर परतवलेलं. जे उतरलं त्यातलं बरंच चिखलाने वाफेत घालवलं. म्हणून आपला सर्वांत तापता महिना मे. सूर्य सर्वांत उत्तरेला पोचतो तेव्हा, २१ जूनला, पाऊस बहुधा विदर्भात आलेला असतो.

रात्रीची जोडनोंद : गन आकाशाकडे रोखायची. परवाच्या ढगाळ रात्री १८. गेल्या डिसेंबरच्या कोरड्या, निरभ्र रात्री उणे २६ होती. ढग आणि बाष्प जमिनीची उष्णता अडवून खाली परत पाठवतात, ते असं गच्चीवर उभं राहून वाचता येतं. हवेत हे आणि कार्बन डायऑक्साइडसारख्या वायूंचं पांघरूण नसतं, तर पृथ्वीचं सरासरी तापमान १५ ऐवजी उणे १८ असतं.

पुढचा टप्पा २१ डिसेंबर : दुपारचा सूर्य ४५ अंशांवर, म्हणजे बाटलीएवढीच सावली. घमेल्यांचा प्रयोग मात्र थांबलाय. ओल्या घमेल्यात आईने सांबार पेरला (पुणेकरांसाठी : कोथिंबीर) आणि तो उगवलाही. आता वजन करायला उचललं की ओरडते.