काल काय खाल्लंस?

सकाळी उपाशीपोटी रक्तातली साखर १९२. ह्यांनी आकडा बघितला आणि विचारलं, "काल रात्री काय खाल्लंस?" काळजीनेच विचारलं, कळतं मला. तरी दिवसभर डाचतंय.

भाकरी, मुगाची आमटी, दुधी. रोजचंच. पण साखर वाढली की जेवणाचाच हिशोब मागायचा, हे ठरलेलं. पहाटे कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं वाढतात, यकृत साखर सोडतं, रात्री टोचून घेतलेलं इन्सुलिन तोवर ओसरलेलं असू शकतं. त्याच त्याच जागी टोचून पोटावर गाठ आली असेल, तर तिथून औषध धड शोषलं जात नाही. आणि साखर मोजायच्या मीटरचं काय? शंभराच्या वर १५ टक्क्यांचा फरक प्रमाणित मीटरलाही माफ असतो. लॅबमध्ये १७० येणारं रक्त त्यावर १९२ दिसू शकतं. बोटाला फळाचा रस लागलेला असला तर आकडा फुगतो, म्हणून साबणाने हात धुऊन अगदी कोरडे करायचे. टोचायचं बोटाच्या कडेला, आणि थेंबासाठी बोट पिळायचं नाही, नाहीतर रक्तात पेशींभोवतालचं पाणी उतरतं. मीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण नीट लागलं नाही तर दमट हवेत त्या सादळतात.

यातलं कुणीच काही विचारत नाही. टोचून घ्यायचं मी, आणि जबाबही मीच द्यायचा. आईच्या वेळी तर घरात मीटरच... जाऊ दे.

संध्याकाळी वही उघडली. ओळीने नुसते सकाळचे आकडे. ह्यांना तरी त्यातून दुसरं काय दिसणार? झोपताना ११० असून सकाळी १९२ आली तर गोष्ट वेगळी, साखर रात्रीतून वाढलीय. झोपतानाच १९० असेल तर रात्रीच्या जेवणाकडे आणि त्याआधीच्या डोसकडे बघायला हवं. पहाटे तीनला ७० च्या खाली जात असेल, तर सकाळचा आकडा बघून रात्रीचं इन्सुलिन वाढवणं धोक्याचंच.

वहीत दोन रकाने आखले: झोपताना, पहाटे तीन. ह्यांनाही समजावून सांगितलं. गजर त्यांनीच लावलाय. उशाशी पाणी आणि तीन चमचे साखर ठेवलीय, साधारण १५ ग्रॅम. ७० च्या खाली आली तर लगेच घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. झोपतानाची १२८ आली. डोसला मात्र एका रात्रीवरून हात लावायचा नाही. तीन-चार रात्रींचे आकडे जमले की वही घेऊन डॉक्टरांकडे.