एका दिवसात प्राग, तेही एकटीनं: तुम्ही विचारलंत म्हणून

"एका दिवसात प्राग होतं का? आणि एकटीनं दिवसभर करायचं काय?" हे दोन प्रश्न कायम जोडीनं येतात. पहिल्याचं उत्तर सुरू होईपर्यंत विचारणाऱ्याचं मत ठरलेलं असतं, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. व्हिसा, विमान, हॉटेल सोडून देते. ते तुम्ही आधीच शोधून ठेवलेलं असतं.

सगळ्यात आधी वार बघा. शनिवारी ज्यू म्युझियमची सिनेगॉगं, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, आणि दफनभूमी बंद. रविवारी किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल पर्यटकांना दुपारनंतरच. सुट्टीला जोडून जाणाऱ्यांचं निम्मं प्राग इथेच कापलं जातं, आणि मग दोष जातो एकट्यानं केलेल्या नियोजनाला.

दुसरं, पैसे. चलन युरो नाही, चेक कोरुना आहे. 'शून्य टक्के कमिशन' अशी पाटी असलेल्या चलन बदलण्याच्या दुकानात कमिशन नसतंच, ते भावातच कापून घेतलेलं असतं. आपण काय देतोय आणि हातात किती कोरुना पडणार, हा एकच आकडा आधी विचारायचा. फसलातच तर १ एप्रिल २०१९ पासूनचा कायदा आहे: १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. पावती मात्र जपून ठेवा. एटीएम 'तुमच्या चलनात रूपांतर करू का?' असं विचारेल. नाही म्हणा.

ट्रामचं कागदी तिकीट पिवळ्या यंत्रात एकदाच छापून घ्यायचं, चढल्या चढल्या. खिशात न छापलेलं तिकीट असणं म्हणजे तिकीट नसणंच. तपासनीस साध्या कपड्यात असतात आणि आपण पाहुणे आहोत याचं त्यांना काही वाटत नाही.

चार्ल्स पूल सूर्योदयाला. पायाभरणी १३५७ ची, लांबी ५१६ मीटर, दोन्ही बाजूंना मिळून ३० पुतळे. त्यातला सेंट जॉन नेपोमुकचा १६८३ चा, सगळ्यात जुना. त्याच्या पायथ्याची पितळी चकचक लोकांच्या हातांनी आली आहे. दहानंतर या पुलावर चालत नाहीत, सरकतात. ओर्लोय, म्हणजे जुन्या टाऊन हॉलचं १४१० चं खगोलीय घड्याळ, दर तासाला बाहुल्या नाचवतं. खेळ मिनिटभराचाही नाही. बघा, पण बॅग पोटाशी धरून, कारण सगळ्यांच्या माना वर असताना खिसेकापूंचा धंदा जोरात चालतो. कारागीर हानुशनं दुसरीकडे असं घड्याळ करू नये म्हणून त्याचे डोळे काढले, असं गाईड सांगेल. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याच्या गोष्टीइतकंच ते खरं. घड्याळ घडवलं कादान्यच्या मिकुलाशनं.

आता मुख्य मुद्दा. पूर्वी मी सगळ्यांना सकाळी किल्ला आणि दुपारी योसेफोव, म्हणजे जुनी ज्यू वस्ती, असं सांगत असे. कागदावर ते बसतं. २२ नंबरच्या ट्रामनं 'प्राझ्स्की ह्राद'ला उतरायचं, उत्तरेच्या दारानं आत जायचं, कॅथेड्रल, जुना राजवाडा, सेंट जॉर्जचं चर्च आणि सोनेरी गल्ली करून जुन्या पायऱ्यांनी खाली मालोस्त्रान्स्का मेट्रोला यायचं. चार तास. जमतं, नाही असं नाही. पण उंचसखल दगडी रस्ते तुडवून योसेफोवमधल्या पिंकास सिनेगॉगला पोचेपर्यंत पाय बोलायला लागलेले असतात, दार बंद व्हायची वेळ जवळ आलेली असते, आणि माणूस भिंती वाचत नाही, नुसता ओलांडतो.

त्या भिंतींवर बोहेमिया-मोरावियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, सुमारे ८० हजार ज्यूंची नावं आहेत. नाझींनी मारलेल्यांची. व्हात्स्लाव्ह बोश्टिक आणि यिर्झी योन या दोन चित्रकारांनी १९५४ ते १९५९ मध्ये हा आराखडा केला. आधी गावाचं नाव, मग लाल अक्षरात आडनाव, मग व्यक्तीचं नाव आणि जन्मतारीख. मृत्यूची तारीख ठाऊक नसेल तिथे जिवंत असल्याची शेवटची ठाऊक तारीख. एकाच आडनावाखाली आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सगळे एका ओळीत येतात, आणि शेवटची तारीख बऱ्याचदा सगळ्यांची एकच. १९६८ मध्ये भिंतींत पाणी मुरलं म्हणून इमारत बंद झाली आणि वीस वर्षांहून जास्त बंदच राहिली. नावं गेली. १९९२ ते १९९६ मध्ये ती सगळी पुन्हा लिहून काढली.

वरच्या मजल्यावर नाझींच्या तेरेझिन छावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. फ्रीडल डिकर-ब्रँडाइस ही चित्रकार तिथे मुलांना शिकवत होती. ऑशविट्झला पाठवलं जाण्याआधी तिनं सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून लपवली. ती स्वतः परतली नाही, शिष्यांतलेही बहुतेक नाहीत. चित्रांत घरं आहेत, फुलपाखरं आहेत, तीन मजली पलंगही आहेत. दारातून बाहेर पडलं की थेट जुनी दफनभूमी: १४३९ ते १७८७, सुमारे १२ हजार दगड. जागा पुरेना म्हणून थरावर थर पुरत गेले, त्यामुळे दगड एकमेकांवर रेललेले.

इथे एकटं असणं कामाला येतं. ग्रुपला गाईड कानातल्या यंत्रातून पुढे ढकलत असतो. एकटा माणूस एका गावाच्या नावापुढे हवा तितका वेळ उभा राहू शकतो. हे मी ठासून सांगते. मात्र बाहेर आल्यावर ज्याच्याशी एक वाक्य बोलावं असा कुणी शेजारी नसतो, तेही खरं. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. एकट्याचे बाकीचे त्रास, म्हणजे स्वच्छतागृहात बॅग घेऊन जाणं, रांगेत जागा धरायला कुणी नसणं, हे त्यापुढे किरकोळ. मोठी बॅग मुख्य रेल्वे स्थानकाच्या लॉकरमध्ये टाका.

जेवणाला एकट्याचं टेबल शोधू नका. साध्या पबमध्ये अनोळखी माणसांच्या टेबलावर बसतात. 'ये तू वोल्नो?' म्हणजे 'इथे जागा आहे का?' एवढं विचारायचं. शाकाहारी असाल तर 'स्माझेनी सीर', म्हणजे पाव-चुऱ्यात तळलेलं चीज बटाट्यांबरोबर. सोबतच्या टार्टर सॉसमध्ये अंडं असतं. लसणाचं सूप बिनमांसाचं असेलच असं नाही, विचारून घ्या. बिअरचा ग्लास संपला की न मागता दुसरा येतो. नको असेल तर रिकाम्या ग्लासवर खालची चकती ठेवायची.

"मग किल्ला बघायचाच नाही?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. इतके पैसे खर्चून जाणाऱ्याला मी नाही कसं म्हणू? १६१८ मध्ये ज्या खिडकीतून राजाच्या माणसांना खाली फेकलं आणि तीस वर्षांचं युद्ध पेटलं ती खिडकी तिथेच आहे, कॅथेड्रलमधली चित्रकार अल्फोन्स मुखाची रंगीत काच तिथेच आहे. दोन दिवस असतील तर दोन्ही करा, किल्ल्याचं तिकीट दोन दिवस चालतं. एकच असेल तर मी योसेफोव सांगते, आणि घरी परतल्यावर कुणी "किल्ला नाही पाहिला?" म्हणालं तर तुमच्याकडे तयार उत्तर नसेल. किल्ल्याचं आवार रात्री दहापर्यंत उघडं असतं, तिकीट लागत नाही. कॅथेड्रल बाहेरून दिसेल. मुखाची काच नाही, कारण तिला आतून बघावं लागतं आणि बाहेर ऊन लागतं.