प्रिन्स जॉर्जचं अस्वल आणि राधानगरीची चूल

कोल्हापूरला जाणारे बहुतेक जण अंबाबाई, रंकाळा, मिसळ आणि तांबडा-पांढरा असा बेत ठरवून जातात, मी मात्र यावेळी एका माणसाला भेटायला गेलो होतो. माझा मित्र संग्राम, त्याचे आजोबा. सगळे त्यांना आबा म्हणतात, राहतात कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीत.

त्याचं कारण सुरू होतं पार कॅनडात. ब्रिटिश कोलंबियात प्रिन्स जॉर्ज नावाचं गाव आहे, तिथं संग्रामचा मोठा भाऊ नोकरीला असतो, मी त्याच्याकडे राहायला गेलो होतो तेव्हा नेमका अस्वलाच्या शिकारीचा सीझन चालू होता. तिथं ग्रिझली जातीचं अस्वल मारायला २०१७ पासून बंदी आहे, पण काळ्या अस्वलाची शिकार लायसन्स काढून करता येते. ते मटण विकता येत नाही, भेट म्हणून देता येतं. तर दादाच्या शेजाऱ्यानं मागच्या मांडीचा मोठा तुकडा आणून दिला आणि वहिनी तो ओट्यावर ठेवून बघतच राहिली. रंग काळपट लाल, जवळजवळ कलेजीसारखा, धागे लांब, आणि वरून दोन बोटं जाडीचा पांढराशुभ्र चरबीचा थर. दादानं सरळ राधानगरीला व्हिडिओ कॉल लावला.

आबांनी पहिला प्रश्न विचारला तो मसाल्याचा नव्हता. "जनावर काय खाऊन वाढलेलं?" शेजारी म्हणाला होता की हे डोंगरातलं आहे, बेरी खाऊन माजलेलं. थंडीच्या झोपेआधी अस्वल दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खातं आणि ते सगळं चरबीत साठतं, त्यामुळे बेरीवर वाढलेल्या अस्वलाचं मटण चवीला गोडसर असतं आणि तेच नदीकाठी सामन मासे खात बसलेलं असेल तर मटणाला माशाचा वास मारतो. आबांनी आयुष्यात सामन बघितलेला नाही पण त्यांचा प्रश्न बरोब्बर तिथंच जाऊन लागला. दुसरा हुकूम, चरबी सगळी काढा, नखाएवढी सुद्धा ठेवू नका. कारण उग्रपणा बहुतेक चरबीत असतो, आणि तीच आधी खवट होते. (ती टाकायची मात्र नाही, शेजारीण ती मंद आचेवर कढवून गाळून ठेवते आणि 'पाय' (pie) नावाच्या तिकडच्या भाजलेल्या पदार्थाच्या पिठात घालते, मी खाल्लाय तो, फार खुसखुशीत होतो.)

मग रात्रभर मिठाच्या पाण्यात, सकाळी धुऊन हळद-मीठ-आलं-लसूण, आणि झाकणात पाणी ठेवून मंद आचेवर शिजवायचं. गावाकडून नेलेला कांदा-लसूण मसाला अगदी शेवटी.

आता एक गोष्ट आबांना माहीत नव्हती, ती दादानं पाळली, आणि ती मी इथं नीट सांगणार कारण यात जिवाशी खेळ आहे. अस्वलाच्या मटणात ट्रिकिनेला नावाच्या जंताच्या अळ्या असू शकतात. डुकरात असते ती जात डीप फ्रीझरमध्ये काही आठवडे ठेवली की मरते, पण थंड प्रदेशातल्या अस्वलात सापडणारी जात गोठवून मरत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेत साउथ डकोटात एका कुटुंबाच्या गेट-टुगेदरला कॅनडातल्या सस्कॅचवानमधून आणलेल्या अस्वलाचे कबाब केले होते, मटण ४५ दिवस फ्रीझ केलेलं, तरी सहा जण आजारी पडले आणि त्यातल्या दोघांनी तर मटण खाल्लंच नव्हतं, नुसत्या त्याच्याबरोबर भाजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या! मटण आधीच काळपट असल्यामुळे कच्चं राहिलंय हे रंगावरून कळलंच नाही. म्हणून आतपर्यंत ७४ डिग्री सेल्सिअस, थर्मामीटर खुपसून बघायचं, अंदाजावर अजिबात जायचं नाही. आपल्याकडं मटण गुलाबी ठेवून खायची पद्धतच नाही, ते इथं फार कामाला आलं.

चव? बिफ आणि वयस्कर बकऱ्याच्या मटणाच्या मधली कुठंतरी, शेवटी हलकासा गोडवा, आणि वास म्हणाल तर शपथेवर सांगतो, काही नाही. त्या रश्श्यात भाकरी कुस्करताना मी ठरवलं की हे फोनवरून सांगणाऱ्या माणसाच्या हातचं एकदा खायचंच.

तर कोल्हापूर. सकाळी उतरलो आणि संग्राम आधी न्यू पॅलेसला घेऊन गेला. १८७७ ते १८८४ मध्ये बांधलेला काळ्या दगडाचा राजवाडा, आतल्या म्युझियममध्ये शिकारीतली जनावरं पेंढा भरून ठेवलीत, वाघ, काळा बिबट्या, हिमालयातलं काळं अस्वल सुद्धा. त्या अस्वलासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. ज्या संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटाची शिकार करायचे, त्या मुलखात शिकारीचं मटण रांधायची अक्कल पिढ्यान्पिढ्या मुरलेली असणार यात नवल काय.

तिथून फुलेवाडी, परिते करत राधानगरीचा रस्ता, दोन्ही बाजूला ऊस आणि मध्येच भोगावती दिसत राहते. गाडीचं फारसं सांगण्यासारखं नाही. घरी पोचलो तेव्हा आबा परड्यात चूल पेटवून बसलेले, पातेल्यात बकऱ्याचं मटण, काकू पाट्यावर खोबरं-तीळ वाटत होत्या.

आबांच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, रानडुकरांपासून शेत राखायला. आबांनी लहानपणी रानडुक्कर, ससा, तित्तर सगळं खाल्लंय. "पोरा, शिकारीचं मटण मसाल्यानं चांगलं हुत न्हाई," ते लाकूड आत सारत म्हणाले, "मसाला पडायच्या आधीच काय ते ठरलेलं असतंय. पळवून पळवून मारलं की चिवाट हुतंय, आन् लगोलग पोट साफ केलं न्हाई तर वास धरतंय." हे शंभर टक्के खरं आहे, जनावर जीव तोडून पळालं की स्नायूतलं ग्लायकोजन, म्हणजे साठवलेली साखर, संपतं, मग मेल्यावर मटणात हवं तेवढं आम्ल तयार होत नाही आणि ते काळं, कोरडं राहतं. अस्वलाचं तर कातडं जाड आणि खाली चरबीची गादी, आतली ऊब बाहेर पडतच नाही, म्हणून तिकडचे शिकारी पहिलं काम काय करतात तर कातडं काढून मटण गार करतात. राधानगरीच्या परड्यातलं आणि कॅनडाच्या जंगलातलं शहाणपण एकच निघालं याचा मला मनापासून आनंद झाला.

"मग बंदूक कधी सुटली आबा?"

"बहात्तरचा कायदा आला, तवा." वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याच्या आधीच, १९५८ ला, शेजारचं दाजीपूर गव्यांसाठी अभयारण्य झालं होतं. आबांना त्याची खंत नाही, आता रात्री उसात गवे येतात तर ते बॅटरी घेऊन बघायला जातात. आणि हेही स्पष्ट लिहितो, आपल्याकडचं अस्वल कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, मारलं तर सात वर्षांपर्यंत तुरुंग. या भागात फिरताना कुणी गुपचूप रानातलं मटण खाऊ घालतो म्हणालं तर सरळ नाही म्हणा. बकऱ्यावर ही सगळी विद्या तितकीच चालते.

चालते म्हणजे कशी ते बघितलं. पातेल्यावर ताट, ताटात पाणी, ते गरम झालं की तेच आत ओतायचं, गार पाण्याचा थेंब नाही. तासाभरानं आबांनी एक फोड चमच्यानं दाबली, हाडापासून सुटली. मग अळणी पाणी वाटीत काढून आधी मला दिलं. वर तुपासारखे बारीक डोळे तरंगत होते, हळद, मीठ, आलं आणि मटण, बस, एवढ्यावर मी जेवण संपवलं असतं. मग त्याचाच तांबडा झाला, पांढरा झाला, सुकं झालं आणि आम्ही पडवीत मांडी घालून दोन-अडीच तास जेवत होतो.

जेवताना आबांनी मला अस्वलाबद्दल खोदून खोदून विचारलं, शिजायला किती वेळ लागला, धागा दाताखाली कसा लागला, रश्श्याला तवंग आला का. शेजारी यंदा पुढचा पाय देणार आहे असं दादा म्हणत होता. त्यावर आबांचं म्हणणं असं की पुढच्या पायात शिरा जास्त, मोठ्या फोडी करा, कुकर नको, जाड बुडाच्या भांड्यात निवांत तीन-चार तास, आणि खोबरं कमी, मटण मुळातच गोडसर आहे. मी तिथंच पडवीत बसून हे सगळं दादाला टाइप करून पाठवलं, आणि सगळ्यात वरची ओळ ७४ डिग्रीची टाकली.