टाकी कुठल्या भिंतीला लावायची?

माशांच्या जुन्या टाकीखालच्या कपाटाचं दार एका सकाळी उघडेना. जोर लावून ओढलं तेव्हा कळलं की ते वरच्या फळीला घासतंय. टाकीपुढे फळीची जी कड मोकळी होती तिच्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून पाहिली, तर मधोमध पट्टीखाली चांगली 4 मिलिमीटर फट. फळीला बाक आला होता. टाकी दोन फुटीच, पण पाणी, काच आणि वाळू धरून 80 किलोच्या आसपास वजन. कपाट पार्टिकल बोर्डचं, पुस्तकांसाठी केलेलं. पाणी बदलताना सांडलेले थेंब मागच्या कडेतून आत मुरले होते. तिथे बोटाने दाबलं की ओला भुगा निघत होता. त्याच संध्याकाळी मासे बादलीत काढले, एअर पंप लावला आणि टाकी रिकामी करून जमिनीवर उतरवली.

म्हणून नवी टाकी घ्यायच्या आधी जागा ठरवायची असं मनाशी पक्कं केलं. भरलेली टाकी सरकवता येत नाही. नव्या टाकीचं माप 90 बाय 45 बाय 45 सेंटीमीटर, म्हणजे काठोकाठ 182 लिटर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. त्यात 8 मिलिमीटर काचेचे तीसेक किलो, वाळूचे जवळपास तेवढेच, शिवाय स्टँड. सगळं मिळून अडीचशे किलोंच्या घरात. एवढं ओझं खोलीच्या मधोमध, स्लॅबच्या पोटावर नको. भिंतीलगत, खाली बीम असेल तिथे ठेवलेलं बरं. घर जुनं असेल किंवा जमीन लाकडी असेल तर आधी जाणकाराला दाखवा, हे मी अगदी मनापासून सांगते.

मनात होती ती खिडकीसमोरची भिंत. आठवडाभर दर दोन तासांनी त्या भिंतीवर उन्हाची कड कुठवर येते तिथे पेन्सिलीने खूण करत गेले. सकाळी नऊ ते साडेअकरा ऊन नेमकं टाकीच्या जागेवर. तिथे ठेवली असती तर काचा शेवाळाने हिरव्या झाल्या असत्या आणि पाणी रोज तापून निवत राहिलं असतं. दुसरी भिंत दाराशेजारची. तिथे ऊन नाही, पण दार आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. मासे पाण्यातली थरथर पार्श्वरेषेने, म्हणजे अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेल्या संवेदनशील रेघेने टिपतात. आमचे नियॉन टेट्रा जुन्या टाकीतही नुसत्या धावत्या पावलांनी कोपऱ्यात गोळा व्हायचे. त्यामुळे तीही बाद.

शेवटी जागा मिळाली ती आतल्या कोपऱ्यात. एसीचा झोत तिथे पोचत नाही आणि न्हाणीघराचा नळ दहा पावलांवर आहे. हा नळ क्षुल्लक वाटतो, पण दर आठवड्याला चाळीसेक लिटर पाणी न्यायचं-आणायचं असतं. नळ लांब असेल तर पाणी बदलणं पुढे ढकललं जातं, आणि त्याची किंमत मासे मोजतात. तिथे डास मारायचं मशीन लावलेलं होतं, ते आधी काढून टाकलं. त्यातली पायरेथ्रॉइड नावाची कीटकनाशकं माणसाला फारशी बाधत नाहीत, माशांना मात्र अगदी थोड्या प्रमाणातही मारतात.

स्टँड सुतारकाकांकडून करून घेतला. लोखंडी चौकट, वर 19 मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय. कडा सील करायची मी दोनदा आठवण करून दिली, तेव्हा ते म्हणाले, "ताई, पाणी कडेतूनच शिरतं, मला माहीत आहे." फळी टाकीपेक्षा चारही बाजूंनी सेंटीमीटरभर मोठी ठेवली. लहान तर मुळीच नको; तळाची कड अधांतरी राहिली की जोडांवर ताण येतो. उंची अशी धरली की खुर्चीत बसल्यावर डोळे टाकीच्या मध्यावर येतात. मागे भिंतीपासून 12 सेंटीमीटर जागा सोडली, फिल्टरच्या नळ्या आणि माझा हात जाण्यापुरती.

लेव्हल बघायला बाबा आले. स्पिरिट लेव्हलमधला बुडबुडा उजवीकडे पळत होता. त्यांनी स्टँडच्या पायाखाली धातूची पातळ चकती सरकवली, पुन्हा पाहिलं, अजून एक सरकवली. मग फोमची शीट आणि तिच्यावर टाकी. आमची टाकी बिनचौकटीची आहे म्हणून फोम. प्लास्टिकची चौकट असलेल्या टाकीचं वजन चौकटीवरच असतं, तिच्याखाली फोम घालू नये.

पाणी आधी एक तृतीयांश भरलं आणि चारही कोपऱ्यांत काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजलं. तीन कोपऱ्यांत सारखं, चौथ्यात एक मिलिमीटर कमी. बाबांनी पाणी काढायला लावलं आणि तिसरी चकती घातली. मग पूर्ण भरलं. वायरी सॉकेटच्या खाली झोळीसारख्या लोंबत्या सोडल्या आहेत, ओघळलेलं पाणी सॉकेटात न जाता तिथेच टपकावं म्हणून. फिल्टर चालू आहे, मासे अजून सोडलेले नाहीत. स्टँडचं दार सकाळ-संध्याकाळ उघडून पाहते. एका बोटाने उघडतं.