गोळी सुरू करण्याआधी

आमच्या लेकाला एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अति चंचलतेचा त्रास आहे हे जूनमध्ये नक्की झालं. औषध द्यायचं की नाही हे ठरेपर्यंत गणपती येऊन गेले. तो तिसरीत आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. ही गोष्ट चारचौघांत सांगायची का, हे मोठा झाल्यावर त्याने ठरवावं. पण ते मधले महिने कसे गेले ते लिहायचंय, कारण त्या काळात मला ‘तज्ज्ञांचा सल्ला घ्या’ याच्या पुढचं कुणीतरी आपल्या भाषेत सांगायला हवं होतं.

निदान एका भेटीत झालं नाही. डॉक्टरांनी दोन फॉर्म दिले, एक आमच्यासाठी आणि एक वर्गशिक्षिका बाईंसाठी. हा त्रास बारा वर्षांच्या आत सुरू झालेला हवा, निदान सहा महिने टिकलेला हवा आणि एकाहून जास्त ठिकाणी दिसायला हवा. नुसता घरी किंवा नुसता शाळेत दिसत असेल तर कारण दुसरंच असू शकतं. आमच्याकडे दोन्ही फॉर्मवर जवळपास त्याच रकान्यांत खुणा होत्या. बाई आणि मी तोवर धड बोललोही नव्हतो.

त्याचा गृहपाठ म्हणजे काय ते सांगते. हातच्याच्या वजाबाकीची तीन गणितं. पहिलं उतरवून झालं की पेन्सिलीला टोक काढायला उठणार. गॅलरीत कबुतर दिसणार. कबुतराला हाकलायला खराटा लागणार. खराटा आणायला गेला की तिथे कालची रबरी गाडी सापडणार, आणि परत टेबलाशी येईल तेव्हा हातात गाडी आणि पेन्सिल कुठेतरी बाथरूमपाशी. तेच गणित मी पोळ्या लाटताना तोंडी विचारलं, ‘पाचशे तीन वजा दोनशे अठ्ठ्याहत्तर?’ तर उलट्या उड्या मारत सांगायचा, ‘दोनशे पंचवीस!’ येत नाही असं नव्हतंच. तीन गणितांना तास जायचा आणि शेवटी आम्ही दोघंही रडकुंडीला यायचो.

औषधाचा विषय निघाल्यावर घरात तीन मतं झाली. सासूबाईंचं म्हणणं, पोर मोठं झालं की आपोआप शांत होतं. त्या दर पुष्य नक्षत्राला त्याला सुवर्णप्राशनाला नेत होत्या, ब्राह्मीचं तूपही सुरू होतं. मी त्याला कधी आडकाठी केली नाही, फक्त डॉक्टरांच्या कानावर घातलं. ‘याचा बाबाही असाच वांड होता, पुढे सुधारला,’ असं त्या म्हणाल्या, तेव्हा नवरा म्हणाला, ‘आई, सुधारलो कुठे? अकरावीला गटांगळी खाल्ली ते विसरलीस?’ हे घराण्यातून येतं, उंची येते तसं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

नवऱ्याला दोन भीती होत्या. मुलगा गुंगीत राहील आणि त्याला सवय लागेल. मलाही त्या होत्या, मी बोलून दाखवत नव्हते इतकंच. डॉक्टरांनी घाई केली नाही. सुचवलेलं औषध होतं मिथाइलफेनिडेट. ते 1944 साली पहिल्यांदा बनवलं गेलं, म्हणजे काल-परवाचं नाही. ते झोपेचं औषध नाहीच, उलट उत्तेजक आहे. मेंदूत डोपामिन आणि नॉरॲड्रिनलिन ही रसायनं लगेच परत शोषली जातात ती जरा जास्त वेळ कामावर राहतात, आणि लक्ष धरून ठेवणं, स्वतःला आवरणं जमू लागतं. मूल मंद दिसायला लागलं तर डोस जास्त झालाय असं समजायचं आणि लगेच कळवायचं. सवयीबद्दलही डॉक्टर स्पष्ट बोलल्या. मोठी मुलं, कॉलेजची मुलं याचा गैरवापर करतात, म्हणून गोळ्या कुलपात ठेवायच्या. पण ठरलेल्या डोसमध्ये घेणारी मुलं त्यामुळे पुढे व्यसनी होतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

नवरा इंजिनियर, त्याला आकडे लागतात. त्याने एमटीए नावाचा अमेरिकेतला मोठा अभ्यास वाचून काढला. 1999 साली निकाल आले, 579 मुलं, चौदा महिने उपचार. नीट देखरेखीखाली औषध घेणाऱ्या मुलांची चंचलता आणि अवधान नुसत्या वर्तन-उपचारापेक्षा (औषधाविना, वागणं बदलायला शिकवण्यापेक्षा) जास्त सुधारलं. आणि ज्यांना दोन्ही मिळालं त्यांना औषध कमी लागलं. पण तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटागटांतला हा फरक उरला नव्हता. हे वाचून तो म्हणाला, ‘मग उपयोग काय?’ मी त्यातून वेगळं घेतलं. गोळीने हे बरं होत नाही. गोळी चालू असते त्या तासांत शिकवलेलं आत शिरतं. म्हणजे त्या तासांत शिकवणारं कुणीतरी हवं, आणि ते आम्हीच.

खरं वळण मिळालं ते डॉक्टरांच्या एका प्रश्नाने. ‘औषधाने नेमकं काय व्हायला हवंय तुम्हाला? घरी बसून लिहून आणा.’

आम्ही रात्री लिहायला बसलो. पहिली ओळ आपोआप आली, ‘मार्क’. मग त्याच आठवड्यातली गोष्ट आठवली. वर्गातल्या एका मुलाच्या वाढदिवसाला सोसायटीतली सगळी पोरं गेली, याला बोलावणं नव्हतं. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, ‘मी मागच्या वेळी केक पाडला ना, म्हणून.’ रागावून नाही, समजुतीने म्हणाला. आठ वर्षांच्या पोराने स्वतःबद्दल असा निकाल लावून टाकलेला मला सहन होईना. मार्कांवर काट मारली. खाली लिहिलं: कर्वे रोड ओलांडताना हात सोडून पळू नये. खेळात आपला डाव येईपर्यंत थांबता यावं. गृहपाठावरून रोज घरात रडारड नको.

एवढं लिहिल्यावर निर्णय आवाक्यात आला. जन्मभराचं काही ठरवायचं नव्हतंच. लहान डोस, महिनाभर, याच तीन गोष्टी बघायच्या, बाईंनी तोच फॉर्म पुन्हा भरायचा, आणि नाही पटलं तर डॉक्टरांना सांगून थांबवायचं. आधी उंची, वजन, नाडी, रक्तदाब पाहिला. घरात कुणाला लहान वयात हृदयविकार किंवा अचानक मृत्यू झालाय का, हे खोदून विचारलं. पालकांसाठीचं प्रशिक्षण आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून करून घेतला जाणारा सराव) आधीच सुरू होती, ती तशीच ठेवली.

एक व्यवहाराची गोष्ट. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि सगळी दुकानं ते ठेवत नाहीत. कोथरूडपासून पेठांपर्यंत नकार ऐकत फिरले, एकाने तर माझ्याकडे असं पाहिलं की जणू चोरी करायला आलेय. तेव्हा चिठ्ठी घेतानाच ‘कुठे मिळेल?’ हे डॉक्टरांना विचारा आणि शेवटच्या चार गोळ्या उरेपर्यंत थांबू नका.

फरक पडला का? पडला. बाईंच्या दुसऱ्या फॉर्मवर खुणा डावीकडे, म्हणजे कमी त्रासाच्या रकान्यांकडे सरकल्या. सोसायटीत क्रिकेट खेळताना तो फिल्डिंगला उभा राहतो, हे मी गॅलरीतून बघितलं आणि नवऱ्याला ऑफिसात फोन केला. पण फुकट काही मिळालं नाही. दुपारची भूक गेली, डबा तसाच परत यायला लागला. आता गोळीच्या आधी थालीपीठ-लोणी भरपेट आणि रात्री झोपायच्या आधी पुन्हा जेवण. संध्याकाळी औषध उतरतं तेव्हा तासभर अशी चिडचिड होते की सासूबाई त्याला घेऊन सरळ बागेत जातात. दोनदा भूक वाढवायचं टॉनिक आणलं होतं त्यांनी, तेही डॉक्टरांना दाखवून मग दिलं. वजन हवं तेवढं वाढलेलं नाही, म्हणून पुढच्या भेटीत डोस कमी करायचा, सुटीच्या दिवशी बंद ठेवायचा, की ॲटोमॉक्सेटिनसारखं दुसरं औषध बघायचं, हे बोलायचंय. ते उत्तेजक नाही, पण पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

लेकालाही या वेळी विचारलं. त्याचं म्हणणं, शाळेत गोळी चालेल, पण रविवारी नको, कारण आजीच्या हातच्या पुरणपोळ्या रविवारी असतात आणि त्या त्याला खायच्या असतात. हा मुद्दा मी डॉक्टरांच्या कागदावर पहिला लिहिलाय.